संकेतस्थळाचें उत्पन्न आणि दुव्यांची निगा

हल्लीं वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या मनांत स्वतःचें संकेतस्थळ काढून जाहिरातींवर पैसे मिळवावे असें येऊं लागलें आहे. पालक मंडळींपैकीं कोणी यास खूळ म्हणतात, तर कोणी कुतूहलानें विचारतात, "सर, यांत खरोखर कांहीं मिळतें का?" मिळतें, पण थोडें, आणि जें मिळतें तें वाचकाच्या विश्वासावर मिळतें, ही गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानांत नसते. माझ्याही नव्हती.

गूगल कंपनीची 'ॲडसेन्स' ही योजना २००३ सालापासून चालू आहे. स्थळाच्या मालकानें पानावर जागा मोकळी ठेवावयाची, तेथें कोणती जाहिरात झळकावी हें कंपनीनें ठरवावयाचें, आणि जाहिरातदाराच्या पैशांतून आपला वांटा ठेवून बाकीचा मालकास द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. मराठी पानांस ही सोय २०१८ सालीं मिळाली. शंभर डॉलर सांठल्यावांचून रक्कम हातीं येत नाहीं. अठरा वर्षांखालील मुलास स्वतःच्या नांवें खातें उघडतां येत नाहीं. पालकांचें नांव लागतें. तेव्हां पालकहो, मुलाच्या पानावर काय आहे याची जबाबदारी आपणांवरही येते. मित्रांकरवीं जाहिरातींवर बोटें दाबवून आकडा फुगविल्यास खातें बंद होतें, हें कित्येकांस खातें बंद झाल्यावरच कळतें.

जाहिरात घेणें हेंच मुळीं हलकें, असें मी मानीत नाहीं. महात्मा गांधींनीं 'इंडियन ओपिनियन' पत्रांतून १९१२ सालीं जाहिराती काढून टाकल्या. आपल्या खानदेशांत अमळनेरास साने गुरुजी वसतिगृहांतील मुलांकरितां 'छात्रालय दैनिक' स्वतः हातानें लिहीत. त्यास जाहिरात कोठली! पण असा त्याग सर्वांसच साधतो असें नाहीं. स्थळाच्या नांवाचें व जागेचें भाडें दरवर्षीं भरावें लागतें. तें जाहिरातींतून निघालें तर त्यांत लाजण्याजोगें काय आहे?

माझें म्हणणें दुव्यांविषयीं आहे. दुवा म्हणजे आपल्या पानावरून दुसऱ्याच्या पानाकडे नेणारी वाट. देवपुराहून जुन्या धुळ्यांत जावयाचें तर पांझरा ओलांडावी लागते. परक्या माणसास पूल दाखविणाऱ्यानें तो पूल अजून उभा आहे कीं नाहीं याची खात्री करावयास नको काय?

कांहीं वर्षांपूर्वीं मीं खानदेशाचा इतिहास, अहिराणी शब्द व विद्यार्थ्यांस उपयोगी माहिती यांचें एक लहानसें स्थळ काढलें. प्रत्येक पानाखालीं अधिक वाचनासाठीं दुवे दिले, आणि ते दिले तसे विसरून गेलों. गेल्या पावसाळ्यांत एक पालक घरीं आले. त्यांची मुलगी माझ्या पानावरून शिष्यवृत्तीची माहिती पाहावयास गेली, तों समोर जुगाराचें पान उघडलें. गृहस्थ रागावले नव्हते; ते संकोचले होते, आणि तेंच मला अधिक लागलें. चौकशीअंतीं कळलें कीं, त्या स्थळाच्या मूळ मालकानें नांवाचें भाडें भरलें नव्हतें. असें सुटलेलें नांव कोणीही विकत घेऊं शकतो, आणि जुन्या वाटेनें येणारे वाटसरू त्यास फुकट मिळतात. त्या मुलीनें माझें पान उघडलें तेव्हां तेथें जाहिरात झळकतच होती. म्हणजे त्या भेटीचे कांहीं पैसे माझ्याही खात्यांत पडले असतील.

मग दोन विद्यार्थ्यांस घेऊन मीं सारे दुवे एकेक करून उघडून पाहिले. जवळजवळ चौथा हिस्सा मेलेला निघाला. हें माझ्याच निष्काळजीपणाचें फळ म्हणावें, तर अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत २०१३ सालच्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं उघडेनाशीं झालेलीं आढळलीं. रोग सार्वत्रिक आहे. पण म्हणून आपल्या घरचा रोगी तसाच ठेवावा असें होत नाहीं.

उपाय फारसे अवघड नाहींत. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून जगांतील पानांच्या प्रती जतन करीत आहे. मूळ पान गेलें असल्यास तेथील प्रतीचा दुवा देतां येतो. शिवाय दुव्याजवळ लेखाचें नांव, लेखक व वर्ष हीं लिहून ठेवावीं, म्हणजे वाट बुजली तरी शोधणाऱ्यास खूण राहते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं याच धुळ्यांत वारले. त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेले कागद जपण्यासाठीं १९२७ सालीं त्यांच्या नांवानें येथें संशोधन मंडळ स्थापन झालें. मूळ कागद कोठें आहे हें ठाऊक असलें तरच छापील मजकूर पडताळतां येतो. दुव्याचेंही तसेंच आहे.

याच सुमारास मला एक पत्र आलें. पैशाच्या खेळांच्या एका स्थळाचा दुवा लेखाच्या ओघांत, जाहिरात आहे असें न दाखवितां घालावा, म्हणजे वर्षभरांत जाहिरातींचें जें मिळे त्याहून अधिक रक्कम एकदम मिळेल, असा त्याचा मजकूर. २०२५ च्या ऑगस्टांत आपल्या संसदेनें असे खेळ व त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घालणारा कायदा केला; पण हा कायदा नसता तरीही मीं नकारच दिला असता. चौकटींतील जाहिरात ही जाहिरात आहे हें मुलास कळतें. लेखांतील दुवा मात्र माझा शब्द असतो. पुस्तकविक्रेत्याकडून दलाली घेऊन शिक्षकानें वर्गांत एखादें गाईड उत्तम म्हणून सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. दुसऱ्या एका स्नेह्यानें सल्ला दिला कीं, दुवेच काढून टाका, वाचक तुमच्याच पानावर रेंगाळेल व उत्पन्न वाढेल. उत्पन्न वाढेलही. पण जेथून पुढें कोठेंच जातां येत नाहीं असें पान विद्यार्थ्याच्या काय कामाचें?

आतां दर तीन महिन्यांनीं तेच दोन विद्यार्थी माझ्याबरोबर बसून दुवे तपासतात. जाहिरातीच्या पैशांतून प्रत्येक मेलेल्या दुव्यामागें पांच रुपये त्यांस द्यावयाचे मीं ठरविलें आहे. परवां त्यांतील धाकट्यानें विचारलें, "सर, मग जास्त दुवे मेले तर आमचा फायदाच नाहीं का?" त्यास मीं अजून उत्तर दिलेलें नाहीं.