अंगणाचा ताळेबंद

ज्या कुटुंबाची पेढी रोज सकाळी झाडून-पुसून उघडते, त्याच कुटुंबाच्या घरापुढील अंगणात गुडघाभर गवत माजलेले असते, हे दृश्य तालुक्याच्या गावी विरळ नाही. कर्ती मंडळी दुकानात, मुले शिक्षणासाठी परगावी आणि घरी राहतात ती वयस्क माणसे. त्यांच्याच्याने निंदणी होत नाही. मग दोन उपाय सुचतात : सरसकट काँक्रीट ओतणे किंवा हिरवळ लावणे. दोन्ही हिशेबाला उतरत नाहीत.

१,००० चौरस फूट अंगण म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीस दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर रोज ४६५ लिटर लागते. १०,००० लिटरचा टँकर जेमतेम तीन आठवडे पुरतो. उलट ६०० मिलिमीटर पावसाच्या गावी त्याच अंगणावर वर्षाकाठी सुमारे ५५,००० लिटर पाणी विनामूल्य पडते. काँक्रीट ते गटारात घालवते आणि उन्हाळ्यात तापून घरही तापवते.

मधला मार्ग अल्पखर्चाचा आहे. प्रथम गाजरगवत काढावे. १९५५च्या सुमारास पुण्यात आढळल्याची नोंद असलेले हे तण त्वचेचा दाह व दमा वाढवते. फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. घरातील दम्याच्या रुग्णास हे काम सांगू नये.

त्यानंतर जाण्या-येण्याच्या वाटेवर शहाबादी फरशी बसवावी. सांध्यांत सिमेंटऐवजी वाळू भरल्यास पाणी जिरते. उतार मात्र भिंतीपासून बाहेरच्या बाजूस असावा. उरलेल्या जागेत तगर, पारिजातक, बोगनवेल, कोरफड अशी काटक झाडे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. कण्हेरही काटक असते. परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी ती टाळावी. आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा, तो खोडाला टेकू देऊ नये. त्याने ओल टिकते व तणही कमी उगवते.

येथे भांडवली खर्च एकदाच होतो. पहिले दोन उन्हाळे झाडांना नेमाने पाणी द्यावे लागते. मुळे खोल गेल्यावर आवर्ती खर्च वर्षाकाठी एखादी छाटणी आणि पावसाळ्यातील निंदणी एवढाच उरतो.

म्हणून रोपवाटिकेत जाण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून एकच गोष्ट ठरवावी : मे महिन्यात लग्नसराईसाठी सारे परगावी असताना पाणी कोण घालणार? जेवढ्या झाडांची जबाबदारी कोणीतरी नाव घेऊन स्वीकारील, तेवढीच पहिल्या वर्षी आणावीत.