फुटका सायलेन्सर आणि पासिंगचा कागद



आपल्या समाजातील किती घरांची चूल आज गाडीच्या चाकावर पेटते, याची मोजदाद कोणी केलेली नाही. तळेगाव (श्यामजी पंत)च्या फाट्यावर घटकाभर उभे राहिले तरी अंदाज येतो. नागपूर-अमरावती महामार्ग येथून जातो, आर्वी आणि आष्टीकडे वाटा फुटतात. बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून काढले आणि पोराने फायनान्सवर जुनी जीप, व्हॅन किंवा ऑटो घेतला, अशी घरे येथे अनेक आहेत. हप्ता महिन्याला येतो, पासिंग वर्षा-दोन वर्षांनी येते. आणि पासिंग जवळ आले की हमखास एक प्रश्न विचारला जातो : सायलेन्सर फुटला आहे, पासिंग होईल काय? पीयूसी मिळेल काय?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम दोन कागदांतील फरक समजून घेऊ, कारण आपली पुष्कळ मंडळी दोन्ही एकच समजतात. पीयूसी म्हणजे धुराची तपासणी. नवी गाडी एक वर्षाची झाली की ती लागू होते. जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी आणि बी.एस. ४ व बी.एस. ६ गाड्यांना वर्षातून एकदा ती करावी लागते. पासिंग म्हणजे फिटनेस, भाड्याने चालणाऱ्या गाडीची सर्वांगाची तपासणी. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ती दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे प्रत्येक गाडीला धड सायलेन्सर असलाच पाहिजे. त्यामुळे फटफट आवाज करणारी गाडी वर्ध्याच्या आर.टी.ओ.पुढे उभी केली, तर निरीक्षकाने गाडीखाली न वाकताही ती परत पाठवावी. यात त्याचा दोष नाही.

पीयूसीची गोष्ट मात्र वाकडी आहे. तेथे यंत्राची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात घालतात. इंजिनातून धूर एकसारखा येत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतील दाब उतरतो आणि वाटेत भोक असेल तर तेवढ्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा धुरात मिसळते, म्हणजे दुधात पाणीच. समजा, बी.एस. ३ ची पेट्रोल व्हॅन आहे. तिला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के. खरा आकडा ०.७ असला तरी हवा मिसळून यंत्रावर ०.४ दिसू शकतो. गाडी पास! मालक खुश, कागद खिशात आणि भोक जागच्या जागी.

नव्या गाडीत नेमके उलटे होते. तिच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या अगोदर गळती असेल तर आत आलेली हवा पाहून तो समजतो की इंजिनला पेट्रोल कमी पडते आहे, आणि पेट्रोल वाढवायला लावतो. मायलेज पडते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. शिवाय बी.एस. ४ पासूनच्या पेट्रोल चारचाकीचे इंजिन जोरात फिरवून 'लॅम्डा' नावाचा आकडा पाहतात. तो १ च्या मागेपुढे ०.०३ एवढाच हलला पाहिजे. जादा हवा शिरली की हा आकडा वर जातो आणि गाडी नापास होते. म्हणजे एकाच भोकाने जुनी गाडी खोटी पास होते आणि नवी गाडी खरोखर नापास होते. गाडी नापास झाली तर तसा कागद देण्याची तरतूद २०२१ साली झाली आहे. तो मागून घ्यावा, फिटरला दाखवावा. पीयूसी नसताना पकडले गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद कायद्यात लिहिली आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकते. गाडी न नेता पीयूसी आणून देणारे दलाल असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याकडून कागद येतो, पण गळती बंद होत नाही.

इंग्लंडमध्ये गाडीची वार्षिक तपासणी असते. तेथे सायलेन्सर गळत असेल तर धुराचा आकडा कितीही चांगला आला तरी गाडी नापास करतात. आम्हाला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते. कारण भोकातून गेलेला धूर मागे हवेत न जाता गाडीखाली साचतो, आणि फुटलेल्या पत्र्यातून, गियरच्या रबरातून, मागच्या फाळक्याच्या फटीतून वर येतो. ओम्नीसारख्या व्हॅनमध्ये तर इंजिनच पुढच्या सीटखाली. मॅनिफोल्डचे पॅकिंग उडाले की गॅस थेट माणसांत येतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग मळमळ, मग झोप. आणि आपण काय म्हणतो? "पोराला गाडी लागली." लिंबू हुंगायला देतो, पदर पांघरून झोपवतो. माता-भगिनींनी हे ध्यानात ठेवावे : एकाच गाडीतल्या दोघा-चौघांचे डोके एकदम दुखू लागले आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर ती गाडी लागणे नव्हे. झोपलेले मूल हलवूनही नीट जागे होत नसेल तर तडक दवाखाना गाठावा आणि गाडीत धूर येत होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचार ऑक्सिजनचा आहे.

डिझेल गाडीत हा गॅस पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरे. म्हणून डिझेलवाल्यांनी निर्धास्त राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. तो धूर दिवसाचे दहा तास प्रथम ड्रायव्हरच्याच नाकात जातो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडील कोळसा खाणीत स्वतः उतरून मजुरांचे काम पाहून आले. खाणीतही हाच गॅस जीव घेतो. ब्रिटनच्या खाणींत तो ओळखण्यासाठी १९८६ पर्यंत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी ठेवीत. पक्षी गळून पडला की माणसे बाहेर पळत. आपल्या जीपमध्ये पक्षी नसतो, मागे पोरे असतात.

हे सर्व आत्ताच का लिहितो? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावचे उपासक-उपासिका गाड्या करून दीक्षाभूमीवर जातात. तळेगावहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. परतीला रात्र होते, गारवा असतो, मुले झोपलेली. मग मागची ताडपत्री अर्धी सोडतात, काचा बंद करतात. धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि अर्धवट उघड्या भागातून धूर आत ओढला जातो. सत्याग्रही घाटाच्या चढावर भरलेली गाडी इंजिनवर जोर घेते तेव्हा गळतीही वाढते. आपण पहिले शील घेतो ते प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. भाड्याने माणसे नेणाऱ्याने गाडीखाली एकदा वाकून पाहणे हे त्याच शीलाचे पालन आहे, असे आम्ही मानतो.

पाहायचे कसे? सकाळी इंजिन गार असताना गाडी चालू करून एकाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर धरावे. भोक असेल तेथून फुसफुस ऐकू येते. सांध्यावर काळी काजळी दिसली तर गळती तेथेच. हे काम उघड्यावर करावे, बंद शेडमध्ये नव्हे. गॅरेजवर काम शिकणाऱ्या आपल्या पोरांनीही शटर ओढून इंजिन चालू ठेवू नये, थंडीत तर मुळीच नाही. एम-सील किंवा पत्रा-तार गुंडाळून चालत नाही, उष्णतेने ते चार दिवसांत सुटते. पॅकिंग नवे टाकावे, भोकावर वेल्डिंग करावे, पत्रा सडला असेल तर तेवढा तुकडा बदलावा. मग गाडी चांगली गरम करून पीयूसीला न्यावी आणि त्यानंतर पासिंगची तारीख घ्यावी.

गाडी भाड्याने ठरवणाऱ्या विहार समित्यांनी दर ठरवण्याआधी गाडी एकदा चालू करून मागे बसून पाहावे. डोळे चुरचुरले तर दुसरी गाडी पाहावी.