दिंडोरीचे शिवार आणि नवा महामार्ग

१६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतणाऱ्या शिवछत्रपतींच्या फौजेची दाऊदखानाच्या मोगली सैन्याशी वणी-दिंडोरीच्या मुलखात गाठ पडली, याचे कारण भूगोलात आहे. सुरतेकडून बागलाणात येऊन सातमाळ्याची रांग ओलांडणारी वाट याच बाजूने गोदाखोऱ्यात उतरत असे. पुढे, १८६५ साली थळघाट सर करून आलेला लोहमार्ग नाशिक, निफाड, लासलगाव असा मनमाडकडे वळला, व्यापारही रुळांमागे गेला, आणि कादवाकाठचा हा तालुका आगगाडीला मुकला तो आजतागायत.

त्याला पुन्हा जगाशी जोडले ते पाटाच्या पाण्याने आणि डांबरी सडकेने. करंजवण, वाघाड, पालखेड या धरणांच्या आधारावर येथे द्राक्षबागा वाढल्या, मोहाडीस सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली, आणि दिंडोरीचा माल शीतपेटीतून न्हावाशेवा बंदरावाटे युरोपच्या बाजारात पोहोचू लागला. रस्त्याचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु भारतमाला योजनेतील सुरत-चेन्नई महामार्गाची जी रेषा सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांवरून आखली गेली, तिचा स्वभाव निराळा आहे. जुनी सडक गावागावाला विचारत जाई. हा मार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त, ठरावीक ठिकाणीच चढउतार असलेला, आणि म्हणून ज्या शिवारातून जाईल त्याचे दोन तुकडे करणारा. संयुक्त मोजणीत गट मोजले जातात, झाडे, विहिरी, जलवाहिन्या नोंदल्या जातात व निवाड्यात त्यांचा मोबदला ठरतो. मात्र ज्याची जमीन गेलीच नाही, पण ज्याची पाणंद तुटली वा चारी पलीकडे राहिली, त्या शेतकऱ्याचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचे? शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसील कचेरीत दाद मागता येते. जो न्याय बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याला लागू आहे, तो सरकारने स्वतःलाही लावून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

यासाठी प्रत्येक मौजाच्या नकाशावरील पाणंदी, शिवरस्ते व चाऱ्या ग्रामसभेसमोर आधी निश्चित कराव्यात, त्यांच्यासाठी महामार्गाच्या खालून-वरून जाणारे मार्ग आराखड्यातच दाखवावेत, आणि त्यानंतरच भूसंपादनाची अधिसूचना काढावी.