परदेशात बसून देशातले काम : व्हिसा मिळेल, हक्कांचे काय?

गेल्या पाच-सहा वर्षांत अनेक देशांनी एक नव्या प्रकारचा व्हिसा सुरू केला आहे. ज्याची नोकरी एका देशात आहे, परंतु काम संगणकावर आणि इंटरनेटवर चालते, अशा माणसाने दुसऱ्या देशात जाऊन वर्षभर किंवा अधिक काळ राहावे, पगार आपल्या मूळ मालकाकडून घ्यावा आणि खर्च मात्र यजमान देशात करावा, अशी ही योजना आहे. ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ असे तिचे नाव. नोमॅड म्हणजे भटका. आपल्याकडे भटक्या जमातींच्या माणसाला रेशनकार्डासाठी आणि जातीच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. तेच नाव आता लाखांत पगार घेणाऱ्याला कौतुकाने लावले जात आहे. शब्दाला भाव कशाने येतो, हे यावरून कळावे.

या विषयावर कामगार चळवळीच्या मुखपत्रात कशासाठी लिहायचे, असे काही वाचक विचारतील. संगणक क्षेत्रातील थोड्या तरुणांचा हा प्रश्न आहे, गिरणीतल्या, बँकेतल्या, अंगणवाडीतल्या कामगाराशी त्याचा काय संबंध, असेही म्हटले जाईल. आमचे मत वेगळे आहे. या व्हिसाच्या अर्जात कामगाराच्या नोकरीचे स्वरूपच पणाला लागते, आणि हे बहुतेक अर्जदारांच्या लक्षात फार उशिरा येते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोरोनाने विमाने आणि हॉटेले ओस पडली, तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या देशांना ही कल्पना सुचली. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये बारा महिन्यांची योजना आणली. एस्टोनियाने १ ऑगस्ट २०२० पासून असा व्हिसा देण्यास सुरुवात केली. क्रोएशिया २०२१ मध्ये आला. पोर्तुगालने ३० ऑक्टोबर २०२२ पासून आणि स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने हे दार उघडले. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षे मुदतीचा व्हिसा काढला. जपाननेही मार्च २०२४ च्या अखेरीस सहा महिन्यांची परवानगी सुरू केली, पण तेव्हा जाहीर केलेल्या देशांच्या यादीत भारत नव्हता. म्हणजे काम कुठूनही करता येते असे कितीही म्हटले, तरी कुठे बसायचे हे अजून पासपोर्टच ठरवतो.

आता अटी. पोर्तुगालमध्ये अर्जदाराचे मासिक उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या चौपट असावे लागते. २०२५ साली तेथील किमान वेतन ८७० युरो होते, म्हणजे अर्जदाराला ३,४८० युरो दाखवावे लागत. स्पेनची अट किमान वेतनाच्या दुपटीची आहे. तेथे किमान वेतनाचे वर्षाला चौदा हप्ते धरले जातात, त्यामुळे २०२५ च्या हिशेबाने महिन्याला सुमारे २,७६३ युरो होत. कुटुंब बरोबर न्यायचे तर रक्कम वाढते. आपल्या केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचे तळाचे वेतन दिवसाला १७८ रुपये ठरवले होते. या आकड्यांशेजारी तो आकडा ठेवून पाहिला, म्हणजे हा व्हिसा कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्पन्नाची अट पुरी झाली तरी कागदपत्रे बाकी राहतात. स्पेनच्या अर्जाला पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव लागतो. कंपनी किमान एक वर्ष चालू असावी लागते आणि तिच्याशी किमान तीन महिन्यांचा संबंध दाखवावा लागतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढावा लागतो. त्यावर आणि पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का हवा. भारत २००५ पासून त्या करारात आहे. मग मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर, आरोग्य विमा, राहण्याच्या जागेचा पुरावा, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे. एका कागदाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नाही, आणि मग दलालाचे फावते.

हे सर्व त्रास मेहनतीने पार पडतात. खरी गाठ पडते ती एका साध्या पत्रापाशी. अर्जाबरोबर मालकाचे पत्र द्यावे लागते की, हा आमचा कर्मचारी आहे, आणि त्या देशात राहून आमचे काम करण्यास आमची परवानगी आहे. हे पत्र मागायला कर्मचारी व्यवस्थापनाच्या दारात जातो, तेव्हा मालकाच्या मनात दोन शंका येतात. आपला माणूस तिकडे बसून काम करू लागला, तर तिकडचे करखाते आपलीच तेथे आस्थापना आहे असे धरील काय? आणि तिकडच्या सामाजिक सुरक्षेची वर्गणी आपल्याला भरावी लागेल काय? दोन्ही शंका निराधार नाहीत. परंतु त्यावर शोधला जाणारा उपाय मात्र नेहमी कामगाराच्याच मुळावर येतो.

पुण्याच्या एका संगणक कंपनीतील एका भगिनीचे उदाहरण आमच्यापुढे आहे. नोकरी साडेतीन वर्षांची. पतीला पोर्तुगालमध्ये संशोधनाची जागा मिळाली, म्हणून तिने तेथून काम करण्याची परवानगी मागितली. व्यवस्थापनाचे उत्तर सौजन्यपूर्ण होते : जरूर जा, काम तेच राहील, मोबदलाही तोच राहील, फक्त राजीनामा द्या आणि सल्लागार म्हणून नव्या करारावर सही करा. वरून पाहता यात काहीच बिघडत नाही. पण राजीनामा दिला की भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा बंद होतो. पाच वर्षे पुरी झाली नसल्याने ग्रॅच्युइटी जाते. भरपगारी रजा, प्रसूती रजा, सामूहिक विमा, काढण्यापूर्वीची नोटीस, सगळे जाते. उरतो तो महिन्याचा आकडा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या हमीशिवाय. व्हिसाच्या नावाखाली एक कायम नोकरी मोडीत निघते, आणि कंपनीच्या दप्तरी नोंद राहते की कर्मचाऱ्याने स्वखुशीने राजीनामा दिला!

हे टाळण्याचा मार्ग अस्तित्वात आहे, पण तो अर्धवट बांधलेला आहे. भारताने अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. बेल्जियमबरोबरचा करार २००९ पासून आणि पोर्तुगालबरोबरचा मे २०१७ पासून अंमलात आहे. अशा देशात गेलेल्या भारतीय कर्मचाऱ्याने भविष्यनिर्वाह निधी संघटनेचा संरक्षण दाखला दाखवला, तर त्याची वर्गणी भारतातच चालू राहते आणि तेथे दुहेरी भरावी लागत नाही. परंतु हे करार लिहिले गेले तेव्हा डोळ्यांपुढे होता तो कंपनीने कामगिरीवर पाठवलेला माणूस. स्वतःच्या इच्छेने जाऊन तेच काम करणारा माणूस त्यात बसतो की नाही, याचे सरळ उत्तर कागदावर नाही. दाखल्याचा अर्जही मालकाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. आणि ज्या देशाशी करारच नाही, तेथे मालकाने स्थानिक सामाजिक सुरक्षेत नोंद करावी, नाहीतर कामगाराने स्वयंरोजगारी म्हणून दोन्ही हिस्से स्वतःच्या खिशातून भरावेत, असे दोनच पर्याय उरतात. मालक कोणता पसंत करणार, हे उघड आहे.

दुसरा मुद्दा कामाच्या तासांचा. मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा लिस्बनमध्ये हिवाळ्यात पहाटेचे चार आणि उन्हाळ्यात पाच वाजलेले असतात. भारतीय कार्यालयाच्या वेळेला बांधून ठेवलेला माणूस तेथे रोज रात्रपाळी केल्यासारखा जगतो, पण रात्रपाळीचा भत्ता त्याला कोणी देत नाही. विशेष म्हणजे पोर्तुगालने २०२१ च्या कायद्याने आपल्या कामगारांसाठी असा नियम केला आहे की, विश्रांतीच्या वेळेत मालकाने संपर्क साधू नये आणि घरून काम करताना होणारा जादा खर्च भरून द्यावा. स्पेनमध्येही २०२१ च्या कायद्यानुसार असा करार लेखी लागतो आणि खर्च मालकाचा असतो. आपला माणूस त्याच गल्लीत राहतो, पण त्याचा करार पुण्याचा किंवा बंगळूरचा. शेजाऱ्याला मिळणारे संरक्षण त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते.

तिसरा मुद्दा दोराचा. या व्हिसाचा सगळा पाया म्हणजे चालू असलेले उत्पन्न. नोकरी गेली की राहण्याचा आधार डळमळतो. मग घरभाडे, मुलांची शाळा, सगळे पणाला लागते. अशा स्थितीत जादा काम नाकारण्याची किंवा पगारकपातीविरुद्ध बोलण्याची हिंमत किती जणांना होईल? आखातात गेलेल्या आपल्या बांधवांना कफील म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. येथे कफील नाही, पासपोर्ट कोणी काढून घेत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण दोराचे दुसरे टोक मालकाच्याच हातात आहे. आखाती कामगारासाठी निदान १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्याला ठराविक १८ देशांत नोकरीस जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्या कायद्याच्या उणिवांवर चळवळीने वारंवार बोट ठेवले आहे. पण संगणक घेऊन निघालेला माणूस सरकारच्या लेखी प्रवासी; कामगार म्हणून त्याची दखल कोणी घेत नाही.

आणि ज्या देशात आपण जातो, तेथील कामगारांचे काय? परक्या माणसाने तेथील किमान वेतनाच्या चौपट कमावलेच पाहिजे, असे पोर्तुगालचा नियमच म्हणतो. म्हणजे भाड्याच्या घरासाठी तेथील हॉटेल कामगाराला अशा माणसाशी स्पर्धा करावी लागते, जो नियमानुसारच त्याच्या किमान चौपट पैसे बाळगून आहे. घरांच्या प्रश्नावर लिस्बनमध्ये १ एप्रिल २०२३ रोजी हजारो लोक रस्त्यावर उतरले. बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध मोर्चा निघाला. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको शहरात याच कारणाने असंतोष भडकला. भाडेवाढीचे खापर एकट्या या व्हिसावर फोडणे बरोबर नाही. घरांचे सट्टेबाज आणि पर्यटन कंपन्या त्याहून मोठ्या धनी आहेत. परंतु कोरोनानंतर दिल्ली-मुंबईचा पगार घेऊन गोव्यात राहायला आलेल्यांमुळे स्थानिकांच्या मनात काय कालवाकालव झाली, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लिस्बनच्या कामगाराचा राग समजायला अडचण पडू नये. तेथील कामगार संघटनांशी बोलणे, त्यांच्या भाडेनियंत्रणाच्या मागणीला पाठिंबा देणे, हे तेथे राहणाऱ्या आपल्या सभासदांचे कर्तव्यच आहे.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. लाखांत कमावणाऱ्यांची चिंता आपण का करावी? याचे उत्तर आपल्या चळवळीच्या अनुभवातच आहे. कंत्राटी पद्धत आली तेव्हा ती उपाहारगृहात आणि सफाईत आली. मुख्य उत्पादनातल्या कायम कामगारांना वाटले, आपल्याला काय त्याचे? पुढे ती यंत्रांपर्यंत पोहोचली, तेव्हा विरोध करायला बळ उरले नव्हते. या वेळी तीच गोष्ट वरच्या पायरीवरून सुरू होत आहे. आज परदेशी जाणाऱ्याला सल्लागार केले. उद्या नाशिकला किंवा कोल्हापूरला घरी बसून काम करणाऱ्याला तोच करार पुढे केला जाईल. कार्यालयात येत नाही तो कामगार नाही, हे तत्त्व एकदा रुळले की ते विड्या वळणाऱ्या आणि शिलाईचे काम घरी नेणाऱ्या भगिनींच्याही गळ्याशी येईल. किंबहुना त्या हे दुःख पूर्वीपासून भोगत आहेत.

म्हणूनच आम्ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १७७ क्रमांकाच्या ठरावाची आठवण करून देतो. गृहश्रमाविषयीचा हा ठराव १९९६ साली मंजूर झाला. मालकाच्या जागेऐवजी स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी, मालकाने सांगितलेले काम मोबदल्यासाठी करणाऱ्याला त्यात गृहश्रमिक मानले आहे. संघटना करण्याचा हक्क, सामाजिक सुरक्षा, प्रसूती संरक्षण, सुरक्षितता यांत त्याला इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असे हा ठराव सांगतो. विडी कामगार भगिनी आणि लिस्बनमधला संगणक कामगार एकाच व्याख्येच्या छपराखाली येऊ शकतात. भारताने या ठरावास मान्यता दिलेली नाही. उलट २०२० अखेरीस सेवा क्षेत्रासाठी जे नमुना स्थायी आदेश मसुदा म्हणून निघाले, त्यांत घरून कामाचा उल्लेख होता, पण किती काळ ते मालकाने ठरवायचे होते!

सबब आमच्या मागण्या अशा :

१. परदेशातून काम करण्याची परवानगी मागितली, म्हणून राजीनामा किंवा सल्लागाराचा करार मागणे ही अनुचित प्रथा मानावी. सेवा अखंड धरावी.

२. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने स्वेच्छेने जाणाऱ्या कर्मचाऱ्यालाही संरक्षण दाखला मिळेल असा स्पष्ट आदेश काढावा आणि त्याला मुदत घालावी. पुढील सामाजिक सुरक्षा करारांत अशा कामगाराचा स्वतंत्र उल्लेख असावा.

३. कामाचे तास, विश्रांती, वीज-इंटरनेटचा खर्च, आजारपण, अपघात आणि परत बोलावण्याची नोटीस या गोष्टी लेखी करारात असाव्यात.

४. १७७ क्रमांकाच्या ठरावास सरकारने विनाविलंब मान्यता द्यावी.

सरकार हे कधी करील ते करील. तोवर सभासदांना आमचे सांगणे आहे : सही करण्यापूर्वी कागद संघटनेला दाखवा. मालकाच्या पत्रात ‘कर्मचारी’ हा शब्द आहे की ‘सल्लागार’, निधीची वर्गणी चालू राहणार की नाही, सेवेची तारीख जुनीच आहे ना, या तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. पर्यटक व्हिसावर गुपचूप काम करण्याच्या फंदात पडू नका; पकडले गेल्यास मालक हात वर करील. सहा महिन्यांहून अधिक राहायचे असल्यास तेथील कर लागू होतो हे गृहीत धरा. दुहेरी कर टाळण्याचे करार स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांशी आहेत, त्यांचा लाभ कसा घ्यायचा ते जाण्यापूर्वी विचारून घ्या.

जग पाहावे, चार माणसे जोडावीत, नवे शिकावे, याला आमचा विरोध कसा असेल? कामगाराच्या मुलांनी लिस्बनला राहावे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण विमानात बसताना त्यांनी हक्कांचे गाठोडे विमानतळावर सोडून जाऊ नये. काम कुठल्याही देशात बसून झाले, तरी घाम कामगाराचाच असतो, आणि संघटनाही त्याच्याबरोबर असली पाहिजे.