म्हाताऱ्या कुत्र्याला ‘पिसाळलं’ म्हणून हाकलू नका

नगर जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्यांना कळकळीची विनंती. दहा-बारा वर्षं मळा राखलेलं कुत्रं रात्रभर उगाच विव्हळायला लागलं, ओट्यावरच लघवी करू लागलं, बिजागरीच्या बाजूला तोंड लावून दार उघडायची वाट बघत उभं राहू लागलं, तर त्याला पोत्यात घालून हमरस्त्यावरच्या ढाब्यापाशी सोडून येऊ नका. काठी तर उगारूच नका. पाळलेलं जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

हा बहुधा म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश असतो. माणसाच्या अल्झायमरसारखंच कुत्र्याच्या मेंदूतही बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. अमेरिकेतल्या 2001 सालच्या एका पाहणीत 11-12 वर्षांच्या 28 टक्के आणि 15-16 वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत याचं एक तरी लक्षण आढळलं होतं.

रेबीजची शंका मात्र हलक्यात घेऊ नका. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने वाढत जातो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रं साधारण दहा दिवसांत दगावतं. वागणं दोन-चार दिवसांत एकदम बदललं, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर हात न लावता पोराबाळांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा. कुणाला चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

भ्रमलेल्या कुत्र्याला रात्री मोकळं ठेवू नका. संगमनेर, अकोले, राहुरीच्या उसात बिबट्या आहे. वाट चुकलेलं, कानाने मंद झालेलं कुत्रं त्याला आयतंच सापडतं. बिनकठड्याच्या विहिरींचा धोका वेगळाच. अंधार पडायच्या आत त्याला बंद पडवीत घ्या, जवळ मंद दिवा राहू द्या. पाण्याचं भांडं आणि अंथरूण रोज त्याच जागी ठेवा, दिवसा थोडं चालवा.

आणि तपासणी कराच. मोतीबिंदू, सांधेदुखी, मूत्रपिंडाचा आजार यांनीही कुत्रं असंच वागतं, आणि त्यातल्या बऱ्याच दुखण्यांवर उपाय आहेत. स्मृतिभ्रंश पुरता बरा होत नाही, पण सेलेजिलीनसारख्या गोळीने काही कुत्र्यांना आराम पडतो. ती डॉक्टरांनीच ठरवायची. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल, तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून विचारा.