परक्या चुंबकाची ओढ
एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम आदी सात दुर्मिळ मृदा-मूलद्रव्ये व त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीस परवान्याची अट घातली, आणि विजेवर चालणारी वाहने बनविणाऱ्या भारतीय कारखानदारांची झोप उडाली. या वाहनांच्या बहुतेक मोटरींच्या पोटात हेच चुंबक असतात. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने देशी चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती स्वागतार्हच होय. परंतु मुळात हा चुंबक हवाच कशाला, हे कोणी विचारावयाचे? १९व्या शतकातील इंडक्शन मोटरला तो लागत नाही. २००८ची टेस्ला रोडस्टर तिच्यावरच धावली. स्विच्ड रिलक्टन्स मोटरच्या रोटरमध्ये तर नुसते पोलादी पत्रे. पहिली अंमळ जड, दुसरी गुरगुरते आणि हिसके देते, हे खरे. पण या दुसरीला वठणीवर आणण्याचा लगाम बव्हंशी इन्व्हर्टरच्या हाती आहे: सेकंदास हजारो वेळा प्रवाह जोडणारे-तोडणारे अर्धवाहक स्विच आणि त्यांना हुकूम सोडणारे गणित. हे गणित खाणीतून निघत नाही. ते आपल्या अभियांत्रिकी संस्थांतून निघावयास हवे. चुंबकासाठी थैली सैल करणाऱ्या अर्थखात्याने तिचा दशांश तरी तेथील प्रयोगशाळांना द्यावा, आणि तोही एका अर्थसंकल्पापुरता नव्हे, दहा वर्षांकरिता.