दौत-टाक पुन्हा हाती घेताना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वह्यांबरोबर दौत-लेखणीलाही गंध-फूल वाहण्याची आपली रीत जुनी आहे. पूजेपुरती का होईना, लेखणी पाटावर बसते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून थोडे कामही करून घ्यावे असे सुचवले, तर वाचक म्हणतील, मोबाईलच्या काळात हे काय नवे खूळ? खूळ खरेच; पण साठी उलटल्यावर ते मला लागले, आणि त्याचे कारण आमच्या नाशकातच आहे.

गेल्या वर्षी आईचे कार्य रामकुंडावर झाले. उपाध्यायांनी आमच्या घराण्याची नामावळी काढली. आलेल्या यजमानाने आपल्या कुळातली नावे नोंदवून खाली सही करायची, असा त्या चोपड्यांचा शिरस्ता. पणजोबांचा मजकूर मोडीत होता. तो गुरुजींनी वाचून दाखवला. शाई अजून काळीभोर, ओळ सरळ. कडेचा कागद झिजून गळला होता, पण अक्षर एकही गेले नव्हते. त्याखाली मी आईचे नाव लिहिले. आईकडून ऐकलेली नावे, गावे, तिच्या माहेरच्या चालीरीती आता माझ्याशिवाय घरात कोणाला ठाऊक नाहीत. नातवंडांनी आवडीने उघडावी अशी एक वही करायची, आणि ती टाकानेच लिहायची, असे मी ठरवले.

या कामी गुरूही गावचेच भेटले. परंपरा सांगते की समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षे तप केले. त्यांच्या ‘दासबोधा’तल्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात शाई, बोरू, चाकू, कागद सगळ्यांचा विचार आहे. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, असे ते सांगतात. पणजोबांचे अक्षर कसे वाचले, ते मला तिथे कळले. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, हीही त्यांची अपेक्षा. नवशिक्याने नक्षीच्या मागे न लागता आधी सारखेपणा साधावा, हे यातून उमगते.

आता थोडे कृतीचे. नव्या निबेवर तेलकट थर असतो. कोमट पाण्याने धुऊन ती फडक्याने पुसावी, नाहीतर शाई धरत नाही. निब तिच्या छिद्राच्या किंचित वरपर्यंतच बुडवावी आणि दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यावी. रेघ वरून खाली ओढावी. टोकदार निब वर रेटली की कागदात रुतते आणि शिंतोडे उडतात. शाई फुटणारा कागद घेऊ नये. काम संपले की निब धुऊन कोरडी करावी, कारण वाळलेली शाई तिची चीर बुजवते.

देवनागरीसाठी रुंद टोकाचा टाक किंवा बोरू घ्यावा. मात्र एक लक्षात असू द्या. रोमन अक्षरांच्या लेखणीचा तिरपा काप आणि आपल्या बोरूचा काप उलट बाजूंचे असतात. इंग्रजीसाठीचा टाक आणून मुलांकडून ‘अ’ गिरवून घेतला, तर जाड तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड रेघ येते, आणि बिचाऱ्या मुलाला वाटते, आपला हातच वाईट! पहिला आठवडा उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि अर्धवर्तुळे यांतच जाऊ द्यावा. अक्षरे त्यांतूनच जुळतात. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर द्यावी.

टाकाचा एक गुण मात्र कोणी शिकवावा लागत नाही. दर दोन-तीन शब्दांनी तो दौतीकडे परत जातो आणि लिहिणाऱ्याला थांबवतो. आत्याचे सासर कोणते, आजोळचे दैवत कोणते, हे मला त्या थांबण्यातच आठवत गेले. वहीची अकरा पाने झाली आहेत. आपल्या घरातही असे सांगणारे कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांना शेजारी बसवा आणि विचारून लिहून घ्या. अक्षर सुधारायला पुढे वेळ आहे. सांगणारे माणूस मात्र आज घरात आहे.